दोर कुणी टाकायचा

सकाळी कालव्यातल्या पहिल्याच लॉकला, म्हणजे पाणी भरून-सोडून होड्या चढवायच्या-उतरवायच्या दरवाजांच्या हौदात, फेन्नाचं टाळकं सटकलं.

"फेने, दोर! अगं दोर टाक की! झोपलीस काय?"

तिचा नवरा बेरेंड सुकाणूच्या चाकापाशी उभा राहून बोंबलत होता. डोक्यावर कप्तानाची पांढरी टोपी, हातात कॉफीचा मग. फेन्ना तवर काठावर उडी मारून, खुंटाला दोराचा वेढा घालून मोकळीही झाली होती. उडी मारताना गुडघा मात्र असा कळवळला, की तोंडात आलेली शिवी तिला निम्मीच गिळता आली.

लॉकमध्ये आणखी होड्या होत्या. सगळीकडं तीच तऱ्हा. बाप्या चाकाला, बाई दोराला. बाप्ये एकमेकांना हात करून वाऱ्यापाण्याच्या गप्पा हाणतायत आणि बायका वानरासारख्या काठावर चढतायत.

"तुमचेही कप्तानच का?" शेजारच्या होडीवरच्या बाईनं दोर सैल सोडत विचारलं.

"कप्तान कसला! बेकरीवाला आहे," फेन्ना म्हणाली.

खरं तर पाण्यावर जन्मलेली तीच. बाप बोटीतून रेती वाहायचा. ती रांगायला लागली तशी आईनं तिच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक डोलकाठीला अडकवलं. पोरगी पडलीच, तर ओढून काढता यावी. शाळेपायी बोटवाल्यांच्या पोरांच्या वसतिगृहात टाकली, पण सुट्टीत बाप तिला बटाट्याच्या खोक्यावर उभी करायचा, चाक तिच्या हाती द्यायचा आणि खुशाल चिलीम ओढत बसायचा. रेतीनं भरलेली बोट ती पुलाच्या कमानीतून अशी काढायची, की भिंतीवरचं शेवाळ खरचटत नसे. मग बेरेंडशी लग्न झालं आणि सगळी उमर भट्टीपुढं गेली. म्हातारपणी होडीचा नाद लागला तो बेरेंडलाच. पुस्तक वाचून परीक्षा पास झाला, दाखला चौकटीत घालून भिंतीवर ठोकला. त्या दिवसापासून चाक त्याचं.

डॉक्टरनं फेन्नाला उड्या बंद करायला सांगून महिना झाला होता. आज निघतानाच तिनं बजावलं होतं, "आज चाक मी धरते, दोर तू बघ. न्हाईतर ही माझी शेवटची फेरी. उद्यापासनं तू आणि तुझी होडी."

"बघू की," बेरेंड म्हणाला होता. ह्या 'बघू'त तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

दुपारी उचलपूल आला. पूल उचलणारा आपल्या खोलीत जेवत होता. बेरेंडनं भोंगा वाजवून वाजवून कान किटवले. गड्यानं खिडकीतून हातातला चीज-पाव वर करून दाखवला आणि पुन्हा खायला लागला. तेवढ्यात वाऱ्यानं होडी आडवी धरली.

"मागं घे! वारा डावीकडनं लोटतोय!"

"मला शिकवू नगंस! दाखला कुणाकडं हाय?"

दाखलेवाल्याची होडी करकरत खांबाला घासली. पुलावर सायकली धरून खोळंबलेली माणसं फिदीफिदी हसली.

"मधे टायर का न्हाई धरलास?" बेरेंड तिच्यावरच खेकसला.

पुढच्या लॉकला फेन्नानं काठावर पाऊल टाकलं, दोराचा वेढा घातला आणि सरळ तिथल्या बाकड्यावर जाऊन बसली.

"ये आता वर," ती म्हणाली.

"अगं, मागं रांग लागलीया!"

"लागू दे. आज गावात होडी मी नेणार. न्हाईतर ही बघ बस, पलीकडनंच सुटती."

लॉकवाल्यानं घड्याळाकडं बघितलं, मग बेरेंडकडं. "कप्तान, काय ते घरात भांडा की. मला दरवाजे लावायचेत."

बेरेंड चरफडत वर आला. फेन्ना चाकाला जाऊन उभी राहिली.

"दोर सैल सोडत राहा," तिनं खालून सांगितलं. "पाणी उतरणार हाय."

"ठाव हाय मला," म्हणत त्यानं पावाच्या पिशवीचं तोंड बांधावं तशी करकचून गाठ मारली आणि ऐटीत हात झटकले.

पाणी उतरलं. होडी उतरेना. एका अंगानं दोराला लटकली, तिरकी झाली. कपाटातल्या बश्या खळाखळा फुटल्या.

"अरं गाढवा, सोड! सोड तो दोर!"

गाठ सुटते कसली? लॉकवाल्यानं धावत जाऊन झडपा फिरवल्या, पुन्हा पाणी भरलं, तेव्हा कुठं होडी सरळ झाली. बेरेंड लाल होऊन पुढच्या टोकाला जाऊन बसला. फेन्नाला वाटलं होतं, आता जरा बरं वाटेल. कुठलं काय! आजीच्या निळ्या बश्या होत्या त्या.

संध्याकाळी गाव दिसलं. धक्क्यावर बेरेंडची पत्त्यांची मंडळी बिअर घेऊन बसली होती. तो चाकापाशी आला, टोपी नीट केली.

"फेने, एवढं शेवटचं मला दे. लोकं बघत्यात."

"तुझे मैतर ते. त्यांनी माझ्या हातात चाक बघावं, म्हणूनच मला असं हितं यायचं हुतं. जा पुढं."

तो गेला. तिनं होडी आणली, वाऱ्याच्या तोंडावर वळवली, धक्क्याला हातभर अंतरावर लावली. बेरेंडनं दोर फेकला. दोर पाण्यात.

"बेरेंड, बदकांना पाव टाकतोस व्हय रं?" धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं. हसून हसून सगळ्यांची बिअर सांडली.

फेन्नानं गिअर मागं घातला आणि होडी जागच्या जागी धरून ठेवली. गुडघा ठणकत होता, वारा ढकलत होता, आणि हा माणूस दोर कसा गोळा करायचा तेही विसरला होता.

"गुंडाळ," ती म्हणाली. "ओला झाला तरी गुंडाळ. आणि ह्या बारीला खुंटाकडं बघून टाक. लोकांकडं नगं."