मामांच्या गळ्यातला पाट

माझ्या बायकोच्या मामांइतका घाईत जगलेला माणूस उभ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. धुळ्याजवळ पांझरेकाठच्या त्यांच्या गावात तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, फडाची शेती होती, म्हणजे साऱ्यांची शेतं एकाच पाटावर भिजायची. बंधाऱ्याचं पाणी पाटाने यायचं आणि ते पाळीपाळीने प्रत्येकाच्या शेतात सोडायचं काम मामांकडे, कारण ते गावाचे पाटकरी. मामा पाटावरून चालत नसत, पळत. पौषातल्या थंडीत आम्ही शेकोटीला चिकटलेलो असायचो आणि हे नुसत्या बनियनवर घाम पुसत यायचे. मामींच्या तव्यावरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थेट त्यांच्या पोटात जायची, अंगावर मात्र तोळाभर मांस चढत नसे. बशीतला चहा तोंडापर्यंत पोचेस्तोवर निम्मा धोतरावर सांडायचा. डोळे असे बटबटीत की पाणी चोरायला निघालेला माणूस ते लांबूनच पाहून घरी परतायचा. मामींशी रोज एकदा कडाक्याचं भांडण व्हायचं, आणि मामींचं बोलणं संपायच्या आत मामा पाटावर पोचलेले असायचे. त्यांचा स्वभावच तसा, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग त्यांचा गळा फुगू लागला. एकदा जळगावला आमच्याकडे आले ते दारातूनच म्हणाले, “कान लावा, जवाईबापू.” मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस, शरीरशास्त्राशी माझा संबंध सर्दीपुरता. शेजारी बघत असताना सासऱ्यांच्या जागी असलेल्या माणसाच्या गळ्याला कान लावायचा म्हणजे काय, मला काही सुचेना. लावला. आत खरोखरच सूं सूं असा आवाज चालला होता. “मना गयामा पाट चालू शे,” मामा अभिमानाने म्हणाले. एसटीच्या कंडक्टरलाही त्यांनी तो ऐकवला होता म्हणे, आणि त्याने तिकीट फाडायच्या आधी दोनदा ऐकला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी मात्र नळी लावून ऐकलं आणि गंभीर झाले. त्यांनी मला समजावलं, ते असं. मेंदूच्या तळाची एक ग्रंथी गळ्यातल्या ग्रंथीला हुकूम पाठवते, तो हुकूम म्हणजे एक हार्मोन. हुकूम आला की गळ्यातली ग्रंथी कामाला लागते. तो फार वेळ चालूच राहिला तर ती वाढते, आणि वाढलेल्या अंगाला रक्त पुरावं म्हणून नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावते. मामांच्या बाबतीत मेंदू बिचारा गप्प होता. त्यांच्या रक्तातच त्या हुकुमाची नक्कल तयार होत होती आणि ती थांबायचं नाव घेत नव्हती. घाम, भूक, थरथर, धावपळ, सगळं त्यातलंच. मी मान हलवत राहिलो. हुकूम द्यायचा एकाने, दिला दुसऱ्याने, ऐकला तिसऱ्याने आणि पळत सुटले मामा, एवढंच माझ्या हाती लागलं.

“हृदय थकत चाललंय. गोळ्यांनी जोर ओसरला की गळ्यातली ही गाठ कापून काढावी लागेल,” डॉक्टर म्हणाले, “आणि रक्त फार आहे तिथे, म्हणून आधी थोडे दिवस आयोडीनचे थेंब देऊ. त्याने रक्ताचा ओघ कमी होतो.” मिठातलं आयोडीन कमी पडलं की गळा फुगतो, हे मी शाळेतल्या तक्त्यावर वाचलं होतं. मग तेच पाजून ओघ आटतो कसा? मी विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी आणखीच गोंधळलो.

मामांना मात्र सगळं एका दमात कळलं. “पाट बंद करना शे,” ते म्हणाले, आणि इथेच घोळ झाला. फडातला पाट बंद करायचा तर साऱ्या शेतकऱ्यांची संमती लागते, एकट्या पाटकऱ्याला तो हक्क नाही. मामांनी निरोप धाडला आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अख्खा फड दवाखान्यात हजर. नर्स ओरडत होती, आणि फेटेवाले एकेक करून मामांच्या गळ्याला कान लावत होते. सगळ्यांत म्हातारे आबा शेवटी बोलले, “बंद करी टाका, डॉक्टर. पन आमना पाटकरी आम्हले परत पायजे.” कोपऱ्यात उभ्या मामींनी तोंडाला पदर लावला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बाई किती घाबरली आहे.

मामा वाचले. गळा सपाट झाला, डोळेही थोडे आत गेले, हातात बशी स्थिर राहू लागली. पुढच्या हिवाळ्यात गेलो तर ते शाल पांघरून ओट्यावर बसले होते. पाटावर जाऊन आले, तेही चालत. मामींनी मला स्वयंपाकघरात चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, “चांगला शेतस आते. पन मनासंगे भांडतच नई.” एवढं बोलून त्या चुलीकडे वळल्या. मला फार वाईट वाटलं, आणि माणूस बरा झाल्याचं वाईट कसं वाटतं हेही कळेना. ज्या मामांवर आम्ही जीव टाकला ते मामा होते की ती गाठ?

मी निघताना मामा कधी नव्हे ते कोपऱ्यापर्यंत सोबत आले. माझ्या पावलाला पाऊल जुळवून. तिथे थांबून म्हणाले, “जवाईबापू, लोके माले मन्या जुन्या गोठी सांगतस अन् हासतस. तो मीच व्हतू ना?”

“तुम्हीच होतात, मामा,” मी म्हणालो.

मी खोटं बोलत असेन तरी चालेल, अशा समजुतीने त्यांनी माझा हात दाबला.