चौकशी करा म्हणालो

माझ्या नातीला नोकरीही मिळेना आणि स्थळही जमेना. दोन्हीकडे जायची ती एकाच आकाशी कुर्त्यात, कारण सून म्हणते त्यात पोरगी सोबर दिसते. दोन्हीकडे पंख्याखाली बसवतात, पाणी देतात, वरपासून खालपर्यंत बघतात आणि उठताना म्हणतात, "कळवतो."

नोकरीवाले विचारणार, लग्न कधी करणार? मुलाकडचे विचारणार, नोकरी कुठे आहे? एकदा वैतागून ती म्हणाली, "आबा, या दोघांना एका खोलीत बसवा. आपसात बोलून घेऊ देत. मला फालतू चक्कर कशाला?"

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सांवेर रोडच्या कारखान्यात खराद मशीनवर लोखंड कातत उमर काढली. मला ठेवायच्या आधी मालकानं आमच्या मोहल्ल्यात माणूस पाठवला होता, हा पितो का, भांडतो का विचारायला. सासऱ्यांनी तर फाटकाशी उभं राहून मला काम करताना पाहिलं, फोरमनशी बोलले आणि मगच आमच्या घरचं पाणी प्यायले. मला त्यात अपमान वाटला नाही. लपवायला होतं काय?

मागच्या महिन्यात दोन्ही गोष्टी जमत आल्या. सांवेर रोडवरच्याच एका कारखान्यात, माल तपासायच्या कामाला, नातीला तिसऱ्यांदा बोलावलं. पगाराचं बोलणं झालं, पत्र तेवढं यायचं होतं. त्याच आठवड्यात महूचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं समजदार, त्यांना मुलगी कमावतीच हवी होती. जय भीम झालं, पोहे झाले. मग मुलाच्या काकांनी विचारलं, "नोकरी पक्की ना, आबाजी?"

त्या "ना"चा सूर मला लागला. म्हटलं, "पक्कीच समजा. आणि भिया, माझ्या शब्दावर जाऊच नका. कारखान्याचा पत्ता देतो. चौकशी करा."

नात दारातून डोळे वटारत होती. सून खोकली. मी तरी कोणत्या चौकातून वळायचं तेसुद्धा समजावून सांगितलं.

काका खरंच गेले. ऑफिसातल्या बाईंना म्हणाले, आम्ही मुलाकडचे, तुमच्याकडची ही मुलगी कशी आहे? बाई म्हणाल्या, ती अजून आमच्याकडे लागलेलीच नाही. काकांनी घरी जाऊन सांगितलं, नोकरीचं खोटं आहे. कारखान्यात ठरलं, हिचं लग्न जमतंय, चार महिन्यांत सोडून जाईल. महूहून नकार आला. पत्र आलं नाही. नातीनं फोन लावला तेव्हा त्या बाईंनीच हे सगळं सांगितलं, वर अभिनंदनही केलं.

फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा, तुम्हाला कुणी विचारलं होतं, लग्न झाल्यावर खराद सोडणार का म्हणून?"

मी म्हटलं, "चौकशी करणं चूक नाही." आजही तेच म्हणतो. सून म्हणाली, "तुमची अकड, आणि भुगतायचं पोरीनं."

त्यानंतर नात माझ्याशी कामापुरतंच बोलते. चहा आणून ठेवते, गोळी घेतली का विचारते, बस.

काल सकाळी ती आकाशी कुर्ता घालून निघाली. हातात फाईल होती. पण फाईल तर पोरी हल्ली मुलगा बघायलाही नेत असतील, मला काय ठाऊक. विचारलं, "कुठे?"

"येते, आबा."

सुनेनं भाजीतून मान वर केली नाही. मी काठी घेतली आणि गल्लीच्या टोकाशी, किराणा दुकानाच्या पाटावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं तिला घेऊन गेलेला रिक्शावाला रिकामा परत आला. आमच्या राऊ गावातलाच पोरगा, मला पाहून थांबला. "बाबूजी, दीदी को छोड़ आया। बताऊँ कहाँ?"

माझ्या ओठांवर "हो" आलं होतं.

"रहने दे," म्हटलं, आणि ऊन पायांवर येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.