गोठ्याच्या भिंतीपलीकडची सिगार

आमच्याकडे जावई सासऱ्यासमोर धूर काढत नाही. दोघांनाही व्यसन असतं, दोघांनाही एकमेकांचं माहीत असतं, बायकांना तर दोघांच्या खिशांतलं माहीत असतं. तरी सासरा नुसता खाकरला की जावयाने हातातली पेटती वस्तू पायाखाली चिरडायची, अशी रीत आहे. या रीतीपायी मी कितीतरी चांगल्या सिगारी चपलेखाली मारल्या आहेत. त्याचं पाप रीत पाडणाऱ्याला लागो.

हो, सिगारी. सुप्याच्या एमआयडीसीत मी ज्या कारखान्यात आहे तिथे परदेशी पाहुणे येतात आणि जाताना सिगारींचा डबा ठेवून जातात. साहेब लोक त्या पेढ्यांसारख्या वाटतात आणि ज्यांना नको असतात त्यांच्याकडून मी मागून घेतो. त्यातून नाद लागला. मग इंटरनेटवर कळलं की खरा दर्दी माणूस सिगारीवरची कागदी पट्टी आधी काढून टाकायला लावतो आणि नुसत्या चवीवरून माल ओळखतो. या मंडळींना एका झुरक्यात चामडं, ओली माती, देवदार आणि भाजलेले बदाम लागतात. मला बरेच दिवस फक्त ठसका लागायचा.

सासूबाई गेल्या, त्यांच्या तेराव्यानंतरची गोष्ट. सासरे राहुरीजवळ वस्तीवर राहतात. साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेला माणूस, मुळात मोजकं बोलणारा. सासूबाई गेल्यावर तर तोंडाला कुलूपच लागलं. लेकीशी 'हं', शेजाऱ्याशी 'हं', भरल्या ताटाशी तेही नाही. बायको मला म्हणाली, "काहीही कर, पण आबांना बोलतं कर. असेच राहिले तर तेही जातील." मी पोटापाण्यासाठी मशिनचे सुटे भाग तपासतो. माणसं बोलती करायचं शिक्षण मला कुणी दिलं होतं?

त्या दुपारी मी रिकाम्या गोठ्यामागे जाऊन सिगार पेटवली. गोठ्याचे पत्रे वाऱ्याने कधीच नेलेत, पुरुषभर उंचीची भिंत तेवढी उभी आहे. दोन झुरके होतात न होतात तोच पलीकडून सासऱ्यांचा आवाज आला. "पाव्हणं, काय वडताय हे? विडी न्हाई ही."

मी चिरडायला पाय उचलला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मला कुठं दिसतंय?"

आणि पलीकडून विडीचा धूर वर आला. सासूबाई गेल्यापासूनचं त्यांचं ते सगळ्यात लांब भाषण होतं. मी हात उंच करून एक सिगार भिंतीवर ठेवली. थोड्या वेळाने ती पलीकडे गेली. दिसत नाही म्हणजे घडत नाही, या तत्त्वावर आमचे रविवार सुरू झाले.

पट्टीविना चव ओळखायच्या परीक्षेची सूत्रं बायकोकडे. ती पट्ट्या काढायची आणि शिलाई मशिनजवळचा रंगीत दोरा बांधायची. एका जातीच्या दोन सिगारींना एकच रंग, एक मला, एक त्यांना. कोणता रंग म्हणजे कुठला माल, हे फक्त तिच्या डोक्यात. मग भिंतीच्या दोन बाजूंनी आमची जुंपायची. मी इंटरनेटवरचे बदाम सांगायचो. ते म्हणायचे, "बदाम कुठनं आणलं? काकवी हाय ही. कढईला तळाशी लागाय लागली की असा वास सुटतो." एकदा बायकोने टपरीवरचा चिरूट दोरा बांधून आत घुसवला आणि आम्ही दोघांनी एकमताने त्याला क्यूबाचा ठरवलं. ती हसून हसून खाली बसली. भिंतीपलीकडून तेही हसले. ते हसू ऐकून मला जो आनंद झाला तो मला पगारवाढीचासुद्धा झालेला नाही.

सिगारीवरून गाडी भलतीकडे जायची. एकदा म्हणाले, "हिला वास सोसायचा न्हाई, म्हनून जल्मभर या भिंतीमागं आलो. आता घरात वडली तर कोन बोलनार हाय? पन घरात वडवत न्हाई." नंतर जेवायला समोरासमोर बसलो की पुन्हा 'हं'.

यंदाच्या थंडीपासून त्यांनी एक नवी टूम काढली. "आधी तुमी सांगा." मी सांगायचो, मग ते माझं खोडून काढायचे. म्हातारा लबाड झाला, असं मी बायकोला म्हणालोही. एका रविवारी ते चहाला घरात गेले आणि त्यांनी सिगार कुठवर ओढली ते बघायला मी भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलो. थोटूक कुठेच दिसेना. गव्हाणीत जुना कडबा पडला होता, तो सहज बाजूला केला. खाली सिगारी होत्या. लाल दोरा, पिवळा दोरा, हिरवा दोरा, एकीलाही काडी लागलेली नाही. पलीकडून धूर येतच नाही, हे मला माझ्याच धुरात कधी कळलं नव्हतं. ज्या सिगारीत त्यांना आत्ताच मळीच्या टाकीची गोडी लागली होती ती सगळ्यात वर, जशीच्या तशी.

आधी मला रागच आला. इतक्या जपून आणलेला माल कडब्याखाली! तणतणत स्वयंपाकघरात गेलो, तर बायको हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरांनी थंडीतच बंद करायला सांगितलं. आबांनी त्याच दिवशी सोडली. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. म्हणाले, सिगार न्हाई म्हटल्यावर पाव्हणं कशाला येतील?"

माझा राग तिथेच मेला. मला फार वाईट वाटलं, आणि थोडी लाजही वाटली की माझ्या येण्याची कुणाला इतकी गरज असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी रिकाम्या हाताने गेलो. ओट्यावर त्यांच्या समोर बसलो. धूरच नाही तर भिंत कशाला, असा माझा साधा हिशोब. म्हणालो, "मामा, आज सिगारी नाही आणल्या."

"हं."

"सुप्याकडे पाऊस नाही अजून."

"हं."

चहा झाला. कपावरची माशी मी उडवली, मग त्यांनी उडवली. ते कुलूप पुन्हा लागताना मला समोर दिसत होतं आणि मी घाबरलो. सगळा शहाणपणा मीच केला होता.

बऱ्याच वेळाने ते उठले, चपला घातल्या आणि गोठ्याकडे चालू लागले. मीही उठलो आणि भिंतीच्या माझ्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"पाव्हणं," पलीकडून आवाज आला, "आज कोनता रंग हाय?"

मी रिकाम्या हाताकडे बघितलं. "निळा."

"पेटवली का?"

"पेटवली, मामा."

"मग सांगा की."

"कडक आहे," मी म्हणालो. "मिरी लागतेय. मागून जरा कॉफी."

पलीकडे त्यांनी छाती भरून श्वास घेतला. मला तो स्पष्ट ऐकू आला.

"ह्याला कडक म्हनत्यात व्हय?" ते म्हणाले. "धूर जरा तोंडात धरा, मग बोला. लई घाई तुमाला."