पुनाच्या गिटारचा जॅक

धुळ्यात तेव्हा बेस गिटार वाजवणारे दोघंच होते. त्यातला एक सुरतेला साड्यांच्या कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. उरला पुना. ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. तिथेच देवपुरात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नांत आणि जयंतीत वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रांचे अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे यायचे. पुना मात्र काही बिघडलेलं नसतानाही यायचा. स्टुलावर बसायचा, गिटार मांडीवर घ्यायचा आणि वायर न जोडताच बोटं फिरवत राहायचा.

दिवसा तो एका शाळेत शिपाई होता. घंटासुद्धा ठेक्यात द्यायचा. हेडमास्तरांनी त्याला त्याबद्दल दोनदा झापलं होतं, तरी सुधारला नाही. अंगाने किडकिडीत, बोलायला मिणमिणीत, आणि वाद्य निवडलं तेही असं की कुणाचं लक्षच जाऊ नये. चार जाड तारा. आवाज कानापेक्षा छातीला जास्त कळतो. तो थांबला की गाणं पोकळ वाटतं, पण काय गेलं ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. लोकांना गाणारा दिसायचा, ढोलकीवाला दिसायचा. पुना मागे उभा.

हे सगळ्यात जास्त खुपायचं त्याच्या सासऱ्याला. शिंदखेड्याचे नाना. जावई ऑर्केस्ट्रात आहे म्हणून आधी गावभर मिरवले, मग एका लग्नात कान देऊन ऐकायला बसले आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. तेव्हापासून पुना सासुरवाडीला गेला की ओसरीवर दहा माणसं जमवून विचारायचे, "काय जवाई, तुम्ही वाजाडतस का नुसतं खाजाडतस?" सगळे खो खो हसायचे. पुनाची बायको मंदाबाई आत चुलीपुढे मान खाली घालून बसायची. पुना मला म्हणायचा, "धनसिंगभाऊ, मना काही नही. तिना जीव दुखस."

त्या उन्हाळ्यात शिंदखेड्यातच, नानांच्या शेजारच्या घरात लग्न निघालं आणि सुपारी नेमकी पुनाच्या ऑर्केस्ट्राला मिळाली. पुनाने धीर करून मालकाकडे, म्हणजे रुपचंद मास्तरकडे, एक मागणं मागितलं. एका गाण्याच्या सुरुवातीला आठ मात्रा एकट्या बेसच्या द्या. बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. मास्तर हो म्हणाला. पंधरा वर्षांत पुनाने मागितलेली ही एकच गोष्ट.

आणि त्याच आठवड्यात गिटारचा जॅक गेला. अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरीची पिन गिटारच्या कडेला ज्या भोकात बसते, तो जॅक. पिन हलली की खर्रर्र व्हायचं आणि आवाज बंद. चूक पुनाचीच होती. दर कार्यक्रमाआधी उदबत्ती लावावी तशा भक्तीने तो जॅकवरचा नट पकडीने आवळायचा. धुळ्यात तेवढ्या जाड पिनेचा जॅक मिळेना, म्हणून रजा टाकून एसटीने जळगावला गेला आणि रुमालात बांधून घेऊन आला.

मी जॅक बदलत होतो तेव्हा रुपचंद मास्तर दुकानातच बसला होता, त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी. जुन्या वायरींची टोकं तासली, नव्या जॅकला डाख दिला, जॅक आतून धरून नट आवळला. आणि मग मला शहाणपण पाजळायची हुक्की आली.

"हाई देख पुना," मी म्हणालो, "नट ढिला लागना ते भाईरथून पक्कड लावानी नही. आतला जॅक संगे फिरस, वायरले पीळ बसस अनि तुटी जास. पहिले मांगलं झाकन उघाड, जॅक बोटस्मा धर, मंग आवळ."

"आणि तुटलं तर बाहेरून कळतं का?" मास्तरने विचारलं. तो धुळ्याचाच, पण माईकवर बोलून बोलून शुद्ध झालेला.

"नही ना! भाईरथून ते नट चांगला घट्ट दिसस."

मास्तरने मान डोलावली. मला वाटलं, माझ्या ज्ञानाचं कौतुक करतोय.

लग्न गोरज मुहूर्ताचं, म्हणून चारला मांडवात सामान लावायला घेतलं. आवाजाची जबाबदारी माझी होती. पुनाला नानांनी चहाला ओढून नेलं, गिटार स्टेजवरच राहिली. मास्तर माझ्याकडे आला, "धनसिंग, पक्कड दे जरा. माईकच्या स्टँडचा स्क्रू ढिला झालाय." मी दिली. पाच मिनिटांत पक्कड परत आली.

पुना आला, पिन लावली, तार छेडली. काही नाही. बटणं फिरवली, वायर बदलली. काही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरकडे पाहिलं, आणि मला सगळं कळलं. मास्तर माझ्याकडे बघतच होता.

"आता उघडत बसायचं नाही," तो म्हणाला. "वरपक्ष खोळंबलाय. पुना, तू नुसता उभा राहा, हात चालू ठेव. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस सांभाळेल."

कीबोर्डवाल्याची तयारी झालेली होती. आठही मात्रा त्याला पाठ होत्या.

माझ्या पिशवीत सोल्डरिंग गन होती. दहा मिनिटांचं काम. मी ती बाहेर काढली नाही. माझं अर्धं दुकान रुपचंद मास्तरच्या सामानावर चालायचं, आणि मी भित्रा माणूस आहे. दुसरं कारण शोधायला मी तीस वर्षं बसलो तरी सापडणार नाही.

पुनाला गिटार खाली ठेवून जाता आलं असतं. पण समोर पहिल्या रांगेत नाना, आणि बायकांच्या बाजूला नवं लुगडं नेसलेली मंदाबाई शेजारणीला बोटाने दाखवत होती, ते बघा, ते आमचे. तो उभा राहिला. त्या आठ मात्रा आल्या. बाकी सगळे गप्प. कीबोर्डातून बेस वाजला, आणि मुक्या गिटारवर पुनाची बोटं त्याच्या बरोबर चालली. एकही मात्रा चुकली नाही. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मांडवात शिट्ट्या झाल्या. गाणं संपतं न संपतं तोच नाना स्टेजवर चढले. हातात टॉवेल-टोपी. आमच्याकडे जावयाचा मान असाच करतात, पण नानांनी पुनाचा असा चारचौघांत कधी केला नव्हता. माईक ओढून घेतला आणि म्हणाले, "आज माले समजनं, आमना जवाई काय वाजाडस! छातीमा दणका बसना छातीमा!" टाळ्यांनी मांडव दणाणला. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर टोपी घातली. पुना वाकून पाया पडला. मंदाबाई रडत होती, सुखाने.

सामान भरताना मास्तर टेम्पोपाशी सगळ्यांच्या देखत पुनाला म्हणाला, "ऐकलंस ना? तुझ्या सासऱ्यालासुद्धा फरक कळला नाही. मग मी एक माणूस जास्तीचा टेम्पोत कशाला कोंबू?" कीबोर्डवाला हसला. बाकीचेही हसले. मी वायर गुंडाळत होतो.

आठ दिवसांनी पुना दुकानात आला. गिटार नानांच्याच टॉवेलात गुंडाळलेली. मी मागचं झाकण उघडलं. दोन्ही वायरींना दोरीसारखा पीळ बसला होता आणि डाखापाशी त्या तुटल्या होत्या. पुनाने ते नीट पाहिलं.

"मी ते हात बी लावा नही," तो म्हणाला. "तुन्ही पक्कड कोनले दिन्ही व्हती?"

"मास्तरले."

"तुले तठेच समजनं व्हतं?"

"हा."

तो ओरडला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मंदा गल्लीमा घरोघर सांगत फिरी राहिनी, मना नवरा कसा वाजाडस." मग जॅककडे बोट केलं, "लाई दे."

मी पुन्हा डाख दिला. जॅक आतून धरला, नट आवळला, पिन लावली. पुनाने त्या आठ मात्रा वाजवल्या. शोकेसची काच थरथरली, रस्त्यावरचा एक जण थांबून आत बघायला लागला. एवढं चांगलं त्याला वाजवताना मी कधी ऐकलं नव्हतं. वाजवून झाल्यावर त्याने तारांवर हात ठेवला.

"आयकू उनं का, भाऊ?"

"उनं," मी म्हणालो. "एक नंबर वाजनं, पुना. देवानी आन."

त्याने पिन काढली, गिटार टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "कोनले पाहिजे त्याले दी दे." पायरी उतरताना वळून माझ्याकडे पाहिलं.

"मना सासरा बी हाईच म्हने."