सत्ताविसावे गीत

ज्याचा सूर चुकतो आहे, त्याच्याबरोबर सगळ्यांनी मिळून चुकीच्याच सुरात गात राहणे, याला प्रेम म्हणावे की फसवणूक? या प्रश्नाशी अनेकदा झटापट केली. उत्तर हाती लागले नाही. हाती आहे ती एका घड्याळजींची हकिकत.

घड्याळजींचे दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. काचेचे काउंटर, मान वाकवलेला दिवा आणि डोळ्यात धरायचे काळे भिंग. दुरुस्त झालेले घड्याळ ते कानाला लावून पाहत. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते कानाऐवजी जबड्याच्या हाडाला टेकवू लागले. हाडातून टिकटिक पोचत असे. हवेतून पोचेनाशी झाली होती. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. गिऱ्हाईक तुटेल, अशी स्वतःची समजूत घातली. खरी धास्ती होती ती रविवारची.

त्यांची ख्रिस्ती मंडळी लहान, जेमतेम साठ माणसांची. प्रार्थनागृहात वाद्य नव्हते. गीताचा पहिला सूर एकाने द्यायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा, अशी रीत. तरुणपणी घड्याळजी या गावात परके म्हणून आले, तेव्हा कोणीतरी बाकावर सरकून त्यांना जागा दिली, आणि पुढच्याच महिन्यात सूर देण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडले. त्याला अठ्ठावीस वर्षे झाली होती. सूर गेला की बाकावरची जागाही जाईल, असे त्यांच्या मनाने घेतले.

आधी सूर फार चढा लागू लागला. बायकांचे आवाज फाटत. मग सत्ताविसाव्या गीताच्या दुसऱ्या ओळीत, जिथे चाल वर जाते, तिथे घड्याळजी खाली उतरू लागले. मंडळीने एकमेकांकडे पाहिले आणि तीही निमूटपणे खाली उतरली. असे करायचे, हे कोणी ठरवले नव्हते. एकदा सांगून टाकावे म्हणून मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, तीनदा दुकानात गेले, आणि तिन्ही वेळा चांगले चालणारे घड्याळ दुरुस्तीला टाकून परतले. असे अकरा महिने गेले. लहान मुले तर तीच चाल खरी म्हणून शिकली.

घड्याळजींना समोर फक्त तोंडे दिसत, उघडणारी आणि मिटणारी. ज्या गाण्याने आपल्याला या माणसांत घेतले, ते आता काचेपलीकडे चालले आहे, असे त्यांना वाटे. घरी परतताना ते बायकोला विचारत, "आज छान झालं ना?" ती मान डोलवी.

प्रभुभोजनाची भाकर भाजणाऱ्या बेकरीवाल्या मावशी वर्षभर लेकीकडे राहून परतल्या, तो रविवार सत्ताविसाव्याचाच होता. दुसऱ्या ओळीला सगळी मंडळी खाली गेली आणि मावशी एकट्याच वर. त्या थबकल्या. उपासना संपताच तडक घड्याळजींपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे काय गाताय तुम्ही?"

"बरी आहे, बरी आहे," घड्याळजी बायकोकडे बघत हसून म्हणाले. "गुडघे तेवढे दुखतात तिचे."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिले, त्यांच्या बायकोकडे पाहिले, मग बाकांकडे वळल्या. "अगं बाई! म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

जो तो आपापल्या चपला निरखू लागला.

"मावशी, वर्ष होत आलं, पण त्यांना वाईट वाटलं असतं," पाळक पुटपुटले.

"आपण सगळे एका शरीराचे अवयव, असं दर महिन्याला ऐकवता ना, पाळकसाहेब? मग कान गेला तर तोंडाने सांगायचं नाही, तर काय कोपराने?"

गीतांचे आकडे लिहायची पाटी मावशींनी पुसली आणि खडूने लिहिले : भाऊ, सूर चुकतो. वर्ष होत आलं.

घड्याळजींनी ते वाचले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "तूसुद्धा?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत मला?" ती म्हणाली. तिच्या ओठांवरून त्यांना ते कळले.

"सूर दुसऱ्या कोणाला द्या," ते म्हणाले. "त्याचं काही नाही. मला तुमचं गाणं ऐकायचंय हो." बोलता बोलता सवयीने त्यांनी खिशातले घड्याळ काढून जबड्याला टेकवले.

बायकोने ते पाहिले. इतकी वर्षे बायकांच्या बाकांवर बसत आलेली ती बाई बाक ओलांडून आली, सर्वांदेखत आपले कपाळ त्यांच्या कानामागच्या हाडाला टेकवले आणि पहिली ओळ हळूच म्हटली.

घड्याळजींनी डोळे मिटले. "आलं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "बाकीचे कुठे आहेत?"

पुढच्या रविवारपासून मावशी सूर देऊ लागल्या, आणि घड्याळजींच्या शेजारी पाळीपाळीने एकेक जण कपाळ टेकवून गाऊ लागला. पाळकांची पाळी आली तेव्हा घड्याळजी मोठ्याने म्हणाले, "पाळकसाहेब, तुमच्यापेक्षा माझा बरा होता!" सगळी मंडळी हसली, ते हसणेही त्यांना फक्त दिसले. कानाचे यंत्र आणले होते, पण त्यात नुसती खरखर होती. साऱ्या मंडळीची एक फेरी पुरी व्हायला चौदा महिने लागले. शेवटच्या बाकावरचे एक म्हातारे पाळीच्या आठवडाभर आधी वारले. त्यांचा आवाज कसा होता, हे घड्याळजी पुढे कितीतरी दिवस लोकांना विचारत राहिले. साठ आवाज एकत्र मात्र त्यांना पुन्हा कधीच ऐकू आले नाहीत. ते म्हणत, "एकेक धागा हातात येतो. कापड काही दिसत नाही."

मुलांनी जुनी चाल धरलीच नाही. त्यांना घड्याळजींचीच येत होती. म्हणून पहिले कडवे मावशींच्या सुरात आणि दुसरे मुलांच्या, अशी तडजोड झाली.

२००९ साली मंडळीने आपले गीतपुस्तक स्वरांसह नव्याने छापले. सत्ताविसाव्या गीताला त्यात दोन चाली आहेत.