तीनदा वाजलेली थप्पड

दुपारी मालिकेचा कालचा भाग पुन्हा लागतो, तेव्हा आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या कमलमावशी मेथी निवडायला टीव्हीसमोर बसतात. बसतात त्या नेहमी तिरक्या, उजवा खांदा टीव्हीकडे करून.

परवा मालिकेतल्या नवऱ्याने बायकोच्या थोबाडीत मारली. एकदा समोरून दाखवली, एकदा बाजूने, मग घरातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कॅमेरा फिरवून झाल्यावर सावकाश तिसऱ्यांदा. मागे ढोल, विजा. माझं डोकंच फिरतं अशा वेळी. घरोघरी पोरं बघत असतात आणि हे लोक थपडेची आरास मांडतात!

"तीन मारल्या मेल्याने," मावशी म्हणाल्या.

मला हसू आलं. "एकच हो मावशी. तीच तीनदा दाखवतात."

"मग बरोबर दाखवतात." त्यांनी पानं खुडून टोपलीत टाकली. "एकदा मारली म्हणून एकदाच लागते होय, ताई? माझ्या लेकीचं लग्न झालं, तिला पोरं झाली. मला बसलेली अजून वाजते." मेथीने हिरवा झालेला हात त्यांनी डाव्या कानावर ठेवला, आणि लगेच पुढची जुडी सोडायला घेतली.

मी थक्क होऊन त्या हाताकडे बघत राहिले. एवढं बोलून झालं, तरी टोपलीतलं एक पान चुरगळलं नव्हतं. आणि त्या तिरक्या का बसतात, ते मला इतक्या वर्षांनी कळत होतं.

मी उठले आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.