पंखाच्या टोकावरची पाटी

सतरा ऑगस्ट, रविवार. रक्कम एक लाख ऐंशी हजार. हजर चौघं: मी, बायको, तिची थोरली बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे माझा साडू. व्यवहार नांदेडला आमच्याच घरी ठरला. साडूचा लातूरला शेतांची पाहणी करणारी ड्रोन विमानं बनवायचा कारखाना आहे. नव्या विमानाला चार मीटरचा हलका, लवचीक पंख लावायचा होता. तो हवेत किती वाकेल, किती पिळवटेल आणि कोणत्या वेगाला तुटेल, हे संगणकावर मांडून देणं माझं काम.

असा पंख वाकला की त्यावरचा हवेचा जोर बदलतो, आणि जोर बदलला की तो आणखी वाकतो. एका वेगानंतर वाकणं आणि पिळवटणं एकमेकांना झोका देऊ लागतात. मग पंख फडफडतो आणि तुटतो. मी पंखाचे चोवीस भाग मांडले, प्रत्येकाचं वजन आणि ताठपणा घातला. उत्तर आलं ताशी एकशे बारा किलोमीटर. विमान नव्वदनं उडणार होतं.

डिसेंबरात अहवाल दिला. साडूनं वीस हजार हातावर टेकवले आणि अहवालावर माझ्या जागी स्वतःचं नाव घातलं. विचारलं, तर पाहुण्यारावळ्यांसमोर हसला. "साडूभाऊ, चार रेघा तर मारल्यात कम्प्युटरवर!" बायकोनं मान खाली घातली. ते मी विसरलो नाही.

फेब्रुवारीत लातूरला गेलो, तर पंखाच्या दोन्ही टोकांना, मागच्या कडेला, साडूच्या नावाच्या पितळी पाट्या. एकेक तीनशे ग्रॅमची. देवळाला दिलेल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा याचं नाव आहे.

"मागच्या कडेला वजन नको. पंख तुटायचा आकडा खाली येतो."

"तीनशे ग्रॅमनं काय व्हतंय?"

घरी येऊन पाट्यांसकट पुन्हा मांडणी केली. एकशे बाराचे चौऱ्याहत्तर झाले होते. फोन करून सांगितलं, लेखी पाठवलं.

"नाव बघून जळायलाव व्हय?" म्हणाला आणि फोन ठेवला.

तिसऱ्यांदा सांगायची माझी रीत नाही.

मार्चमध्ये एका साखर कारखान्याच्या माणसांना विमान दाखवायचं ठरलं. खाली काढणी झालेलं हरभऱ्याचं रान. त्यात माणूस-जनावर नाही, एवढं मी फिरून पाहिलं आणि पहिल्या रांगेत बसलो. सत्तरला विमान सरळ होतं. मग टोकं थरथरली.

"साहेब, कमी करू?" चालवणाऱ्यानं विचारलं.

"पळव की!" साडू ओरडला.

डावा पंख मुळापासून गेला. पडद्यावर वेग होता एकोणऐंशी. माझा आकडा पाचनं चुकला. ती चूक मी आनंदानं मान्य केली. त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी मला शांत झोप लागली.

चौथ्या दिवशी साडू घरी आला. "पाट्या काढल्यात. पण गिऱ्हाईक म्हणतंय, हिशोब ज्यानं केला त्याचीच सही पाहिजे."

"राहिलेले एक लाख साठ," मी म्हणालो. "आणि दुसऱ्या मांडणीचे चाळीस."

"ती तर मी मागितलीच न्हवती!"

"पण खरी तीच निघाली."

तो बायकोकडे वळला. "तू तरी सांग की यांना. घरचंच माणूस हाय मी."

"लई महाग न्हाई दाजी," ती म्हणाली. "नवं विमान याहून महाग पडंल."

दोन लाख आले, मग मी सही केली. पैसे मुद्दाम बायकोच्या खात्यात घेतले. मेहुणीला दोन लाख कशाचे दिले, पंखाचा हिशोब खरा कुणी केला, हे साडूनं आपल्या सीएला स्वतःच्या तोंडानं सांगावं म्हणून.